१५,८१२ मतांचा हिशेब

निवडणूक आली की स्वाभिमानाने उभ्या राहणाऱ्या छोट्या पक्षाच्या माथी मते खाल्ल्याचा आरोप मारला जातो. अमेरिकेत हा आरोप १८४४ साली जेम्स बर्नी यांनी सोसला. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बर्नी यांचा जन्म १७९२ साली केंटकी राज्यात, गुलामांच्या मालकाच्या घरात झाला. पेशाने वकील असलेले बर्नी स्वतःही गुलामांचे मालक होते. काळ्यांना आफ्रिकेत धाडू पाहणाऱ्या संस्थेचे कामही त्यांनी केले. पण त्यातला फोलपणा उमगताच १८३४ साली त्यांनी आपले गुलाम मुक्त केले. १८३६ साली सिनसिनाटीत गुलामगिरीविरोधी पत्र काढले, तेव्हा जमावाने छापखाना फोडला. बर्नी हटले नाहीत. लिबर्टी पक्षातर्फे १८४० साली ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मते पडली जेमतेम सात हजार.

१८४४ साली ते पुन्हा उभे राहिले. समोरचे पोक आणि क्ले हे दोघेही गुलामांचे मालक. पोक यांना टेक्सास उघडपणे हवे होते. क्ले यांची भूमिका डळमळीत होती. न्यूयॉर्क राज्यात पोक ५,१०६ मतांनी जिंकले आणि त्या एका राज्याने राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल फिरला. तिथे बर्नींना १५,८१२ मते होती. क्ले यांच्या व्हिग पक्षाने सारे खापर बर्नींवर फोडले. त्या पक्षातल्या लिंकन यांनीही लिबर्टीवाल्यांना दोष दिला.

हा आरोप आम्ही हसण्यावारी नेत नाही. १८४५ साली टेक्सास गुलामगिरीसह अमेरिकेत सामील झाले, त्याची किंमत काळ्या माणसांनी मोजली. पण ही मते क्ले यांची मालमत्ता होती काय? गुलाम राखणाऱ्याने मुक्तीची मते हक्काने मागावीत, हा कुठला न्याय?

लिबर्टी पक्षाचे बहुतेक लोक १८४८ साली फ्री सॉइल पक्षात गेले. त्यातून १८५४ साली रिपब्लिकन पक्षाला बळ मिळाले आणि १८६० साली त्याच पक्षाचे लिंकन निवडून आले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. ते पाहायला बर्नी नव्हते; १८५७ सालीच ते वारले होते.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्या रांगेत आम्ही बर्नींना बसवतो. मताचा हिशेब एका निकालावर संपत नाही, एवढे वाचकांनी ध्यानी ठेवावे.