विल्यम सायबॉर्न

कॅप्टन विल्यम सायबॉर्न (१५ ऑक्टोबर १७९७ – ९ जानेवारी १८४९) हे ब्रिटिश सेनाधिकारी, भूमापनतज्ज्ञ व युद्ध-इतिहासकार होते. १८ जून १८१५ रोजी झालेल्या वॉटर्लूच्या लढाईची, शिसे व कथिलाच्या सत्तर हजारांहून अधिक रंगवलेल्या सैनिकांसह, त्यांनी उभारलेली भव्य प्रतिकृती हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम होय. या कामाने त्यांना कीर्ती दिली, परंतु त्यापायी झालेल्या कर्जातून ते अखेरपर्यंत सावरले नाहीत. प्रतिकृतीत प्रशियन सैन्य किती व कोठे दाखवावे, यावरून झालेला वाद आजही इतिहासकारांत चर्चिला जातो.

सुरुवातीचे जीवन

सायबॉर्न यांचे वडील बेंजामिन सायबॉर्न हे ब्रिटिश पायदळाच्या ९ व्या पलटणीत अधिकारी होते. विल्यम यांचे शिक्षण रॉयल मिलिटरी कॉलेजात झाले आणि १८१३ मध्ये ते वडिलांच्याच पलटणीत दाखल झाले. वॉटर्लूच्या लढाईत मात्र ते नव्हते. लढाई संपल्यावर पॅरिसकडे गेलेल्या सैन्यात त्यांचा समावेश होता. ज्या संध्याकाळचा प्रत्येक क्षण त्यांनी पुढे अनेक वर्षे शोधला, ती त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती. त्यामुळे त्यांची सर्व भिस्त इतरांच्या आठवणींवर राहिली.

भूमापन व नकाशारेखन हा त्यांचा खरा ओढा होता. जमिनीचे चढउतार कागदावर कसे दाखवावेत, याविषयी त्यांनी १८२२ व १८२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केले. १८२४ मध्ये त्यांचा विवाह हेलन एटकेन यांच्याशी झाला. १८२६ पासून ते आयर्लंडमधील सरसेनापतींचे साहाय्यक लष्करी सचिव होते. सरसेनापती बदलत गेले, तरी हे पद त्यांच्याकडे १८४३ पर्यंत राहिले.

रणभूमीचे मोजमाप

१८३० मध्ये ब्रिटिश सैन्याचे प्रमुख लॉर्ड हिल यांनी वॉटर्लूची प्रतिकृती तयार करण्याचे काम सायबॉर्न यांच्याकडे सोपवले. नियोजित लष्करी संग्रहालयासाठी ती हवी होती. सायबॉर्न बेल्जियमला गेले आणि रणभूमीच्या मध्यभागी असलेल्या ला हे सँत या शेतवाड्यात आठ महिने राहिले. लढाईत याच वाड्यासाठी दिवसभर झुंज चालली होती.

मोजणी सोपी नव्हती. नेदरलँड्सच्या राजाने उभारलेली सिंहाची टेकडी १८२६ मध्ये पूर्ण झाली होती. ही सुमारे चाळीस मीटर उंच टेकडी रचण्यासाठी लागलेली माती ज्या उंचवट्यावर ब्रिटिश फौज उभी होती, तेथूनच काढण्यात आली. म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत मूळ जमीनच उरली नव्हती. तिचा जुना आकार सायबॉर्न यांना अंदाजाने व चौकशीने परत मांडावा लागला.

पत्रव्यवहार

दृश्य कोणत्या क्षणाचे असावे, हे ठरवणे आवश्यक होते. सायबॉर्न यांनी संध्याकाळी सुमारे सातची वेळ निवडली. नेपोलियनची शाही गारद अखेरच्या हल्ल्यासाठी पुढे सरकत होती आणि पूर्वेकडून प्रशियन फौज रणांगणात उतरलेली होती. अशा क्षणी प्रत्येक पलटण नेमकी कोठे होती, हे कोणत्याही एका कागदावर लिहिलेले नव्हते. म्हणून १८३४ मध्ये त्यांनी लढाईतील हयात अधिकाऱ्यांना परिपत्रक पाठवले. सातच्या सुमारास आपली तुकडी कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कसा होता, पायाखाली कोणते पीक होते, असे प्रश्न त्यात होते.

उत्तरादाखल सुमारे सातशे पत्रे आली. त्यांत परस्परविरोध भरपूर होते. वीस वर्षे उलटलेली होती, आणि धुराने भरलेल्या रणांगणात कोणाही अधिकाऱ्याला आपल्या तुकडीपलीकडचे फारसे दिसलेले नव्हते. विजयाचे श्रेय आपल्या पलटणीला मिळावे ही इच्छाही काही पत्रांत लपत नाही. तरीही एखाद्या लढाईविषयी इतक्या सहभागींकडून पद्धतशीरपणे माहिती गोळा करण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न ठरतो. ही पत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

सैनिकांचे पुतळे व रंगकाम

प्रतिकृतीत एका मैलाला नऊ फूट हे प्रमाण धरले आहे. या प्रमाणात उभा माणूस तीन मिलिमीटरही भरला नसता. प्रत्यक्षात पुतळे सुमारे एक सेंटीमीटर उंचीचे आहेत. पाहणाऱ्याला सैनिक दिसावा, तर तो जमिनीच्या मानाने मोठा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. खऱ्या दोन सैनिकांमागे एक पुतळा असा हिशोब ठेवण्यात आला. तरीही एकूण संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली.

साच्यात ओतलेला पुतळा रंग लागेपर्यंत कोणत्याच बाजूचा नसतो. ब्रिटिश पायदळाचे तांबडे डगले, ९५ व्या रायफल पलटणीचा गडद हिरवा गणवेश, ब्रन्सविकचे काळे सैनिक, फ्रेंचांचा निळा व प्रशियनांचा गडद निळा, स्कॉट्स ग्रेज पलटणीचे करडे घोडे, हे सर्व वेगळे ओळखू यावे लागते. एवढ्याशा पुतळ्यावर गळपट्टीच्या रंगाला टाचणीच्या डोक्याइतकीच जागा मिळते. पलटण ओळखू येण्यासाठी शेकडो पुतळ्यांवर तोच रंग त्याच जागी पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. आज युद्धखेळासाठी काल्पनिक राक्षसांच्या किंवा ऐतिहासिक सैनिकांच्या फौजा रंगवणारे हौशी लोक संपूर्ण तुकडीवर एका वेळी एकच रंग चढवत जातात, त्यामागे हेच गणित आहे. फरक इतकाच की, त्यांच्या फौजा बहुधा काही शेकड्यांवर थांबतात.

सुरुवातीला या कामासाठी सरकारी पैसा मिळत होता. १८३३ मध्ये मंत्रिमंडळाने पुढील मदत नाकारली. काम अर्धवट होते. सायबॉर्न यांनी ते सोडून दिले नाही. नोकरी सांभाळून, कर्ज व वर्गणी यांच्या आधारावर त्यांनी ते चालू ठेवले. एकूण खर्च जवळजवळ ३,००० पौंड झाला. लेफ्टनंटच्या हुद्द्यावरील माणसाला हा भार पेलणे अशक्यच होते.

प्रदर्शन

१८३८ मध्ये लंडनच्या पिकाडिली भागातील इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती प्रथम लोकांसमोर आली. सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिल्याचे सांगितले जाते. नंतर ती इतरत्रही दाखवण्यात आली. इतकी गर्दी होऊनही सायबॉर्न यांचा खर्च भरून निघाला नाही.

प्रशियन सैन्याचा वाद

वॉटर्लूचा विजय ब्रिटिश नेतृत्वाखालील फौजेचा की ब्ल्यूखरच्या प्रशियन सैन्याच्या वेळेवर येण्याचा, हा प्रश्न ब्रिटनमध्ये नाजूक होता. विजयी सेनापती वेलिंग्टन (१८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच) तेव्हा हयात होता आणि राज्यातील अत्यंत वजनदार व्यक्ती होता. सायबॉर्न यांनी प्रशियन बाजूकडूनही माहिती मागवली होती. तिच्या आधारे त्यांनी सात वाजताच्या दृश्यात प्रशियनांची मोठी संख्या मांडली. वेलिंग्टनच्या अहवालातून उभ्या राहणाऱ्या चित्राशी ती जुळत नव्हती. वेलिंग्टनचा निकटवर्ती व लष्करी सचिव लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट यांच्याशी सायबॉर्न यांचा याविषयी पत्रव्यवहार झाला. पुढे प्रतिकृतीतील बरेच प्रशियन पुतळे काढून टाकण्यात आले.

हा बदल सायबॉर्न यांनी मनापासून केला की दडपणाखाली, यावर एकमत नाही. इतिहासकार पीटर हॉफश्रोअर यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात वेलिंग्टनच्या वर्तुळाने सायबॉर्न यांची कोंडी केली, अशी मांडणी केली. काही अभ्यासकांना ती अतिरंजित वाटते. कर्जबाजारी माणसाला सरकारी आश्रयाची गरज होती, एवढे निर्विवाद आहे.

इतिहासग्रंथ व दुसरी प्रतिकृती

जमलेल्या पत्रांच्या आधारे सायबॉर्न यांनी १८१५ च्या मोहिमेचा दोन खंडांतील इतिहास लिहिला. तो १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही निष्कर्षांवर टीका झाली असली, तरी हा ग्रंथ पुढील अनेक दशके इंग्रजी वाचकांसाठी मुख्य आधार राहिला.

याच सुमारास त्यांनी दुसरी प्रतिकृती केली. तिच्यात रणभूमीचा थोडाच भाग, पण मोठ्या प्रमाणात दाखवला आहे. दुपारचा ब्रिटिश घोडदळाचा हल्ला हा तिचा विषय आहे. येथे पुतळे मोठे असल्यामुळे गणवेशाचे बारकावे नीट दिसतात. ही प्रतिकृती लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालयाकडे आहे.

अखेरचा काळ

१८४३ मध्ये सायबॉर्न चेल्सी येथील रॉयल मिलिटरी असायलम या सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या संस्थेत सचिव झाले. तेथे काम करत असतानाच वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

त्यांचे पुत्र मेजर जनरल हर्बर्ट टेलर सायबॉर्न यांनी वडिलांकडील निवडक पत्रे १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. मोठी प्रतिकृती सायबॉर्न यांच्या मृत्यूनंतर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या संग्रहालयात आली. ते संग्रहालय बंद झाल्यावर ती राष्ट्रीय लष्कर संग्रहालयाला मिळाली. हे संग्रहालय १९७१ पासून चेल्सीतच, सायबॉर्न यांनी शेवटची नोकरी केली त्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.