डॅनियल वेसन : बंदूक आणि काडतूस यांची जोडी जमविणारा कारागीर

डॅनियल वेसन यांचा जन्म १८ मे १८२५ रोजी अमेरिकेतील वूस्टर गावी झाला. वडील शेती करीत व लाकडी नांगर बनवीत. डॅनियल मात्र थोरले बंधू एडविन यांच्या हाताखाली बंदुका घडविण्यास शिकले.

पुढे होरेस स्मिथ यांच्याशी त्यांची भागीदारी झाली. फ्रान्सच्या फ्लोबेर यांनी १८४५ साली केलेल्या काडतुसात पेट घेणारा मसालाच काय तो होता, निराळी दारू नव्हती. या दोघांनी तळाच्या कडेत मसाला व वर दारू असे .२२ चे रिमफायर काडतूस केले. १८५७ साली त्याच मापाचे सात गोळ्यांचे रिव्हॉल्वरही काढले. घोड्याच्या टोल्याने कड चेपावी म्हणून ती पातळ असते. त्यामुळे फार दाब सोसत नाही. म्हणून हत्यार आणि काडतूस एकमेकांसाठीच घडवावे लागते.

४ ऑगस्ट १९०६ रोजी स्प्रिंगफील्ड येथे वेसन वारले.

त्यांचे काडतूस आज .२२ शॉर्ट म्हणून ओळखतात. १८८७ साली लाँग रायफल आले, १९५९ साली मॅग्नम. सारी बावीसचीच, पण सारखी नव्हेत. लाँग रायफलच्या बंदुकीत शॉर्ट चालते, मात्र नेम तितका साधत नाही. मॅग्नमच्या बंदुकीत लाँग रायफल सैल बसते; कवच फाटून तापलेला वायू डोळ्यांवर येऊ शकतो. काळ्या दारूच्या काळातील जुन्या हत्यारात आजचे जोरकस काडतूस घातले, तर हत्यारच फुटण्याचा धोका असतो.

म्हणून नुसता आकडा पाहू नये. नळीवर कोरलेले पूर्ण नाव डब्यावरच्या नावाशी ताडून पाहावे, मगच काडतूस भरावे.