निरोप राखणारी नूर

नूर म्हणजे प्रकाश, हे तुम्हांला सांगायला नकोच. पण नूर इनायत खान हिच्या वाट्याला जे काम आले, ते मात्र अंधारात राहूनच करावे लागणारे होते.

तिचे घराणे बडोद्याचे. तेथे गायकवाड या मराठी राजघराण्याची सत्ता होती. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी तेथे संगीतशाळा काढली. त्यांचे नातू म्हणजे नूरचे वडील हजरत इनायत खान. मौलाबक्ष यांच्या पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातील होत्या, असे घरात सांगितले जाई. इनायत खान उत्तम वीणावादक आणि सूफी विचारांचे साधक होते. १३ सप्टेंबर १९१० रोजी ते मुंबईहून बोटीने परदेशी निघाले. पुढे ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे नूरचा जन्म झाला.

नूरचे बालपण पॅरिसजवळच्या सुरेन गावात गेले. १९२७ साली वडील दिल्लीत वारले, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. आई दुःखाने खचली. दोन भाऊ व एक बहीण यांचा सांभाळ नूरने केला. ती लाजाळू होती. वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. १९३९ साली तिचे जातककथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अशा मुलीच्या हातून युद्धातील काम होईल, असे कोणाला वाटले असते?

१९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि हे कुटुंब इंग्लंडला गेले. नूर हिंसेच्या विरुद्ध होती. भारत स्वतंत्र व्हावा, असेही तिला वाटे. पण हिटलरचा जुलूम पाहत स्वस्थ बसणे तिला पटेना. ती विमानदलाच्या महिला विभागात दाखल झाली आणि बिनतारी यंत्रावर संदेश पाठवायला शिकली. १९४३ साली एका गुप्त संघटनेने तिला निवडले. तेथील काही शिक्षकांनी तिच्याबद्दल प्रतिकूल शेरे लिहिले. शेरे लिहिणारे नेहमी बरोबरच असतात, असे नाही.

१६ जून १९४३ च्या रात्री एका छोट्या विमानाने ती फ्रान्समध्ये उतरली. कागदोपत्री तिचे नाव जान-मारी रेनिए आणि सांकेतिक नाव मादलेन. थोड्याच दिवसांत तिच्या गटातील बहुतेक लोक पकडले गेले. लंडनने तिला परत बोलावले, पण ती गेली नाही. कारण पॅरिसहून संदेश पाठवणारे जवळजवळ कोणी उरलेच नव्हते. जड यंत्र पेटीत घालून ती घरे बदलत राहिली. संदेश सुरू होताच तो कोठून येतो, हे शोधणाऱ्या जर्मन गाड्या निघत; त्यामुळे काम काही मिनिटांतच आटोपावे लागे. असे सांगतात, की एकदा दोन जर्मन अधिकाऱ्यांनी पेटीत काय आहे, असे तिला विचारले. हे सिनेमाचे यंत्र आहे, असे तिने न डगमगता सांगितले आणि त्यांना ते खरे वाटले!

मुलांनो, निरोप गुप्त ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे निरोपाला कुलूप घालणे. अक्षरांची अशी उलटापालट करायची, की परक्याला अर्थ लागू नये. दुसरी रीत म्हणजे येथे काही लपवले आहे, अशी शंकाच येऊ न देणे. आज मोबाइलमधील एखाद्या फोटोच्या फाइलीतही असा निरोप लपवता येतो. फोटो म्हणजे असंख्य रंगीत ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत साठवलेला असतो. ते आकडे किंचित बदलले, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पण ज्याला युक्ती माहीत आहे, तो त्यांतून मजकूर काढून घेतो. नूरच्या काळी संगणकाच्या फाइली नव्हत्या, पण युक्ती हीच होती. संदेश पाठवणारा ठरलेल्या ठिकाणी मुद्दाम एखादी चूक करी. ती चूक दिसली नाही, की लंडनने ओळखायचे, माणूस पकडला गेला आहे. वाचणाऱ्याला ती साधी चूक वाटे. खूण मात्र दोघांनाच ठाऊक असे. पण अशी खूण पाहणारा जागा नसेल, तर तिचा काय उपयोग?

ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीमुळे नूर पकडली गेली. तिने सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. पण तिने पाठवलेले संदेश एका वहीत लिहून ठेवले होते आणि ती वही शत्रूच्या हाती लागली. मिळालेल्या सूचनेचा तिने चुकीचा अर्थ लावला असावा, असे काही चरित्रकारांना वाटते. त्या वहीच्या आधारे जर्मनांनी तिच्या नावाने खोटे संदेश पाठवले. तिच्या अटकेची सूचना एका सहकारी स्त्रीने लंडनला कळवली होती. वरिष्ठांनी ती मानली नाही. १९४४ च्या प्रारंभी विमानातून उतरलेले कित्येक जण थेट शत्रूच्या तावडीत सापडले.

नूरने कैदेतून दोनदा पळण्याचा प्रयत्न केला. मग तिला जर्मनीतील फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळदंडांनी जखडून एकटे ठेवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालून ठार केले. वडिलांनी मुंबई सोडली, तीच तारीख! तेव्हा ती तीस वर्षांची होती. १९४९ साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे पदक दिले. फ्रान्सनेही तिचा सन्मान केला. २०१२ साली लंडनच्या गॉर्डन स्क्वेअर बागेत तिचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

फोर्झहाइममध्ये तिला कोणाशी बोलण्याची परवानगी नव्हती. मात्र जेवणाची भांडी सगळ्या कोठड्यांत फिरत. नूर भांड्याच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूने, अक्षरे कोरून ठेवी. अन्न वाढणाऱ्या पहारेकऱ्याला भांड्याचे बूड पाहण्याचे काय कारण? पलीकडच्या फ्रेंच कैदी स्त्रिया ते वाचत आणि तसेच उत्तर देत. अशाच एका भांड्यावर तिने आपले नोरा बेकर हे नाव आणि लंडनचा पत्ता कोरला होता. युद्ध संपल्यावर तिचा मृत्यू भलत्याच छावणीत झाला, असे अधिकाऱ्यांनी धरले होते. त्या कैद्यांपैकी जी वाचली, तिने नोरा बेकरची हकिकत कळवली, तेव्हा नूर शेवटचे महिने कोठे होती, याचा शोध लागला.