बिनसनदेचा वकील : सेनापती बापट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सरकारी कागद आला, की आजोबा तो माझ्याच हातात देतात. कालव्यात गेलेल्या आमच्या जमिनीचे कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहेत. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या वकिलांनी सारा वाद भावाचा घातला होता. जमीन द्यायची की नाही, हे आजोबांना कोणी विचारलेच नव्हते. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेर येथे झाला. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकण्यास गेले. तेथे परकी सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पॅरिसला बाँबची विद्या मिळवून 1908 मध्ये ते मायदेशी परतले. मग चार वर्षे अज्ञातवास आणि पुढे तुरुंगवास. सुटून आल्यावर याच विद्वानाने पारनेरचे रस्ते झाडले.

त्यांचे खरे युद्ध मात्र पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटा कंपनी तेथे धरण बांधणार होती. पन्नासाहून अधिक गावे पाण्याखाली जायची होती. मावळ्यांच्या बाजूने कायदा काय होता? 1894 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे सरकारने एकदा सार्वजनिक काम असे जाहीर केले, की तोच अखेरचा पुरावा. मालकाने कोर्टात जावे ते फक्त मोबदला वाढवून मागण्यासाठी. संपादनावर हरकत नोंदवण्याचा हक्कसुद्धा 1923 च्या दुरुस्तीने आला. म्हणजे निष्णात वकील दिला असता तरी तो भावच वाढवू शकला असता!

बापटांजवळ वकिलीची सनद नव्हती. त्यांनी कोर्टाऐवजी धरणाच्या जागेवर मावळ्यांची बाजू मांडली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. बाँबची विद्या शिकलेला हा माणूस मावळ्यांसह निःशस्त्र उभा राहिला. याच लढ्याने त्यांना सेनापती ही पदवी दिली.

पण लढ्यात फूट पडली. पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. मोबदला कागदावरच्या नावाला मिळतो, घाम गाळणाऱ्याला नाही. सावकारांना पैसा हवा होता, मावळ्याला जमीन. बापट वारंवार तुरुंगात गेले. शेवटी धरणाच्या कामावरची गाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. 1931 मध्ये ते सुटले, तेव्हा गावे बुडाली होती.

त्याच काळात आपल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण उभे राहत होते. 1926 मध्ये ते पुरे झाले. त्या पाण्यावर खालचा मुलूख हिरवा झाला, हे खरे. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. पण ज्याची जमीन जाते त्याला आधी विचारावे की नाही?

बापट 28 नोव्हेंबर 1967 रोजी निवर्तले. त्यानंतर 1976 मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. 2013 च्या केंद्रीय कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरवली. हरलेल्या माणसाचा प्रश्न असा कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला. मात्र तो यायला नव्वद वर्षे लागली.

बी.ए. झाल्यावर कायदा शिकावा असे माझ्या मनात आहे. आजोबांना हे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त पेटीची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली.