सोल्डरिंग आयर्नच्या टोकात लपलेला शास्त्रज्ञ : पिएर क्युरी

क्युरी म्हटलं की आपल्याला आठवतात मादाम क्युरी आणि रेडियम. पिएर क्युरी बहुतेकांना माहीत असतात ते फक्त त्यांचे पती म्हणून. पण जुनं सोल्डरिंग स्टेशन दुरुस्त करायला बसलात, तर कामाला येतं ते पिएर यांचं संशोधन.

कसं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ चा, पॅरिसमधला. वडील डॉक्टर. मुलगा हुशार आहे पण शाळेच्या चाकोरीत रमणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला शाळेत घातलंच नाही. घरी शिकून पिएर १८ व्या वर्षी सोरबोनमधून पदवीधर झाले. पुढे डॉक्टरेट करायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत सहाय्यकाची नोकरी धरली.

१८८० मध्ये त्यांनी आणि थोरले भाऊ झाक यांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला तर त्यावर विद्युतभार तयार होतो. यालाच पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. खटका दाबून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर याच तत्त्वावर चालतो.

१८८२ मध्ये पिएर पॅरिसच्या एका नव्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या संस्थेत रुजू झाले. तिथे त्यांनी २२ वर्षं काढली. पगार बेताचा आणि संशोधनासाठी हक्काची खोलीही नाही. जिना आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा यांच्या मधल्या बोळात त्यांनी आपलं सामान मांडलं. लागणारी नाजूक उपकरणं स्वतःच तयार केली.

त्या बोळात ते एक गोष्ट तपासत होते. पदार्थ तापवत नेला, तर त्याच्या चुंबकत्वाचं काय होतं?

लोखंड खूप तापलं की चुंबकाला चिकटत नाही, हे आधीपासून माहीत होतं. पिएर यांनी ते बारकाईने मोजलं. लोखंडाचं चुंबकत्व साधारण ७७० अंश सेल्सियसला जातं, निकेलचं ३५८ च्या आसपास. थंड झालं की परत येतं. चुंबकाला चिकटणाऱ्या अशा प्रत्येक धातूची ही रेघ ठरलेली. तिलाच आज क्युरी तापमान म्हणतात. या कामावर १८९५ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

आता येऊ सोल्डरिंग स्टेशनकडे.

वेलर कंपनीच्या जुन्या मॅग्नास्टॅट प्रकारच्या स्टेशनमध्ये तापमान ठरवणारं सर्किट डब्यात नसतंच. डब्यात असतो फक्त २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. खरी गंमत आयर्नच्या टिपमध्ये आहे. टिपच्या मागच्या टोकाला खास मिश्रधातूचा छोटा तुकडा असतो आणि आयर्नच्या नळीत स्प्रिंगवर बसवलेला चुंबक. टिप थंड असताना चुंबक तुकड्याला चिकटतो, स्विच चालू होतो, हीटर तापतो. तुकडा क्युरी तापमानाला पोचला की चुंबक सुटतो आणि टक् आवाज करत हीटर बंद. टिप निवली की पुन्हा चालू.

म्हणूनच या टिपवर आकडा असतो. ७ म्हणजे ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३७० सेल्सियस. ८ म्हणजे साधारण ४२५. तापमान बदलायचं तर टिप बदलायची.

इथेच वेगवेगळ्या ठिकाणचे पार्ट जोडणारे फसतात. ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतो, फक्त २४ व्होल्ट एसी आणि आयर्नला पुरेल इतके वॉट हवेत. पण टिप भलतीच लावली तर? मागे तुकडा नसलेली तांब्याची टिप लावली, तर चुंबक चिकटणारच नाही आणि आयर्न तापणारच नाही. साध्या लोखंडाचा तुकडा बसवला, तर ७७० अंशांपर्यंत चुंबक सुटणार नाही, म्हणजे हीटर बंदच होणार नाही. टिप जळेल, हीटर जाईल.

सेन्सरवाल्या स्टेशनचं गणित वेगळं. डब्याला थर्मोकपल हवा आणि आयर्नमध्ये रेझिस्टन्सवर चालणारा सेन्सर असेल, तर प्लग बसला तरी तापमान चुकीचं वाचलं जातं.

परत पिएर यांच्याकडे. १८९५ मध्येच त्यांचं मेरी यांच्याशी लग्न झालं. मेरी यांनी किरणोत्सर्ग मोजायला वापरलं ते दोघा भावांनी पूर्वी बनवलेलं क्वार्ट्झचं उपकरण. पिएर आपलं काम बाजूला ठेवून मेरींच्या कामात उतरले. गळक्या छपराच्या शेडमध्ये दोघं राबले. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियमचा शोध जाहीर झाला. रेडियमचं पेटंट त्यांनी घेतलं नाही.

१९०३ च्या नोबेलसाठी आधी मेरींचं नाव वगळलं जाणार होतं. ते कळताच पिएर यांनी पत्र लिहून मेरींचा वाटा ठासून सांगितला. पुरस्कार दोघांना आणि हेन्री बेकरेल यांना मिळाला.

१९०४ मध्ये सोरबोनने पिएर यांना प्राध्यापक केलं. पण मनासारखी प्रयोगशाळा त्यांना कधीच मिळाली नाही. १९ एप्रिल १९०६ ला भर पावसात, पॅरिसच्या रस्त्यावर घोड्यांच्या मालगाडीखाली येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ४६.

१९९५ मध्ये दोघांच्या शवपेट्या पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवण्यात आल्या, सरकारी इतमामात. त्यांच्या डॉक्टरेटलाही त्याच वर्षी शंभर वर्षं झाली होती.