साष्टीचे इंग्रज पुराणकार : फादर स्टीफन्स

इंग्लंडात जन्मलेल्या मनुष्याने मराठीत पुराण रचावे, ही गोष्ट आजही नवलाची वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी स्वदेशी कॅथलिक पंथ आचरणे धोक्याचे होते. ते रोमला गेले व 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. 1579 च्या एप्रिलात लिस्बन सोडून 24 ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टीत घालविला.

साष्टी तेव्हा दुखावलेली होती. 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती. जुने ग्रंथही लोकांच्या हातून गेले होते. पिढ्यान्‌पिढ्या पुराणश्रवणात रमलेल्या नवख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षणाची कोरडी प्रश्नोत्तरे कशी रुचावीत? आमची पुराणे गेली, आता त्यांसारखे दुसरे काही द्या, अशी श्रोत्याची मागणी फादरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदविली आहे. ज्या धर्मसत्तेने ते ग्रंथ नेले तिचेच ते सेवक होते, हेही विसरता येत नाही.

लोक बोलत कोंकणी, पण पुराण ऐकत मराठीतून. म्हणून त्यांनी मराठी ओवी निवडली व तीत सोपे कोंकणी शब्द मिसळले. खरी कसोटी पुढे होती. बायबलाचा अर्थ सांगताना कोणता शब्द योजावा? स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. या शब्दासरशी श्रोत्यांच्या मनात विष्णू उभा राहणार, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही तो शब्द त्यांनी ठेवला. उलट बाप्तिस्मा व स्पिरितु सांतु हे शब्द त्यांनी परकेच राहू दिले. आमच्या मते, जुन्या शब्दाने जेथे अर्थच पालटला असता तेथे त्यांनी थांबणे पत्करले. अर्थनिर्णयाचे हे काम व्यासपीठावर चढण्यापूर्वीचे. श्रोत्यांना ते दिसत नाही.

1616 मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. ओव्या जवळजवळ 11,000. देवळात प्रार्थनेनंतर ते वाचले जाई. लिपी मात्र रोमन होती. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत, असे फादरांनी 1608 मध्ये वरिष्ठांना कळविले होते. पण जोडाक्षरांसह शेकडो साचे लागणार, तेव्हा ते जमले नाही.

1619 मध्ये ते वारले. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले. तरी पुराणाच्या हस्तलिखित प्रती घरोघर जपल्या गेल्या. 1956 मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत छापून काढले.