आधी काय संपतं?



फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री व्हायवाला मला विचारलं होतं, २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ८ ग्रॅम हायड्रोजनपासून अमोनिया करताना आधी काय संपेल? मी ठामपणे हायड्रोजन म्हणाले. वजन कमी आहे ना! मार्क गेले. ग्रॅम नाही, मोल मोजायचे असतात. एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो. इथे नायट्रोजन १ मोल आणि हायड्रोजन ४ मोल, म्हणजे नायट्रोजनच आधी संपणार. ३४ ग्रॅम अमोनिया होणार, २ ग्रॅम हायड्रोजन उरणार. मेसमध्ये पोळ्या संपल्या की भाजी कितीही उरली तरी जेवण संपतंच, तसं.

पण ते ३४ ग्रॅम फक्त कागदावर. ही रिॲक्शन उलटीही फिरते, त्यामुळे हाती येणारं यील्ड फारच कमी. या यील्डसाठी झगडलेला माणूस म्हणजे फ्रिट्झ हेबर.

त्यांचा जन्म १८६८ साली ब्रेस्लाऊ इथे झाला. हवेत नायट्रोजन भरपूर, पण पिकांना तो तसाच घेता येत नाही. हेबर यांनी सुमारे २०० ॲटमॉस्फिअर दाब आणि ऑस्मियमचा कॅटलिस्ट वापरला. तरी बाहेर येणाऱ्या गॅसमध्ये अमोनिया शेकडा दहासुद्धा नसायचा. मग त्यांनी साधीच युक्ती केली. गॅस थंड करून अमोनिया काढून घ्यायचा आणि उरलेला गॅस पुन्हा आत सोडायचा. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूहला त्यांनी हे चालवून दाखवलं. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना केला आणि १९१३ मध्ये ओपाऊला उत्पादन सुरू झालं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न याच खतावर पिकतं. माझ्या काकांच्या शेतातलं युरियाचं पोतंसुद्धा त्यातलंच.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पहिल्या महायुद्धात त्याच अमोनियापासून स्फोटकं झाली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ दीडशे टनांहून जास्त क्लोरिन सोडला गेला, तो हेबर यांच्याच देखरेखीखाली. काही दिवसांतच त्यांच्या पत्नी क्लारा यांनी आत्महत्या केली. त्या स्वतः केमिस्ट्रीच्या डॉक्टरेट होत्या. हेबर मात्र लगेच पूर्व आघाडीवर निघून गेले. १९१८ चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा अनेकांनी नाराजी दाखवली.

युद्धाची भरपाई फेडायला त्यांनी पुढे समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायचा प्रयत्न केला. वर्षं गेली, तेव्हा कळलं की पाण्यात सोनं अंदाजापेक्षा फारच कमी आहे. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना काढायला सांगितलं. जन्माने ज्यू असलेल्या हेबर यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. ज्या देशासाठी एवढं केलं, त्यालाच ते नकोसे झाले. २९ जानेवारी १९३४ रोजी बाझेलला ते वारले.

हुशारी आणि मेहनत त्यांच्याकडे कधीच कमी पडली नाही. मग आधी काय संपलं? हा प्रश्न व्हायवाला कोणी विचारणार नाही. पण दोन वर्षांनी नोकरीवर गेल्यावर आपल्याला तो स्वतःलाच विचारावा लागेल, असं मला वाटतं.